मी चेंडू दिला नाही

त्र्याहत्तर सालच्या फुटबॉल हंगामातला पहिला सामना आम्ही एकोणीस गुणांनी हरलो, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसरा हरलो तेव्हा कोच स्ट्रेहॉर्ननी आम्हाला रविवारी चर्चमधून थेट मैदानावर नेलं आणि अंधार पडेपर्यंत पळवलं. पाचव्यानंतर आम्ही मेसमध्ये शिरलो की टेबलांवरचं बोलणं थांबायला लागलं. आठव्यानंतर ते थांबेनासं झालं. आमच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

ऑल्डरिज मिलिटरी अकादमीला तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती. त्या चौऱ्याऐंशी वर्षांत एकही सामना न जिंकता अख्खा हंगाम कोरा गेलेला एकही संघ नव्हता. आम्ही तो होणार, हे ऑक्टोबर संपेपर्यंत पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरातल्या दगडधोंड्यांनाही कळलं होतं.

कारणं सगळ्यांना ठाऊक होती. चार वर्षं पहाटेची परेड आणि वर पाच वर्षं फौजेची नोकरी, असं ताट व्हिएतनामनंतर कोण पुढ्यात ओढून घेणार? चांगले खेळाडू दुसरीकडे गेले. सामने मात्र सहा-सात वर्षांपूर्वी ठरलेले, मोठमोठ्या विद्यापीठांशी. मी, हॉलिस ब्रँट, चौथ्या वर्षाचा कॅडेट आणि संघाचा कप्तान. माझ्यासमोर दर शनिवारी जो उभा राहायचा तो माझ्यापेक्षा पन्नास-साठ पौंडांनी जड असायचा. ऑगस्टमध्ये आम्ही अठ्ठावन्न जण होतो, नोव्हेंबरात चौतीस उरलो. कुणाचा गुडघा गेला, कुणाचा खांदा, आणि काही जण सरळ एका सकाळी आलेच नाहीत.

बाहेरगावी गेलो की प्रेक्षकांतून ओरडा ठरलेला. "ए शिपुरड्यांनो! तिकडे भातशेतात हरलात, आता इकडे आलात होय हरायला?" आमचा डावा गार्ड, मैदानात माझ्या डाव्या हाताला खेळणारा मर्ल टॅकेट, हेल्मेटमधून पुटपुटायचा, "निदान तिकडे यांच्यासारखी बोंबलणारी पोरं तरी नव्हती." तो कधी गेला नव्हता तिकडे. त्याचे काका गेले होते.

सगळ्यांत वाईट वाटायचं ते पहिल्या वर्षाच्या मुलांचं. अकादमीची जुनी रीत होती. संघ जिंकला की पुढचा आठवडाभर पहिल्या वर्षाच्या मुलांनी जेवताना सैल बसायचं, गप्पा मारायच्या, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं. संघ हरला की पाठ ताठ, खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर बसायचं, नजर ताटात, आणि वरच्या वर्गाने "पुरे" म्हटलं की घास अर्धा असला तरी काटा खाली. ती तीनशे पोरं पहिल्या सामन्यापासून एकदाही धड जेवली नव्हती. गणवेश त्यांच्या अंगावर लोंबायला लागले होते. मी शेजारून गेलो की त्यांतल्या एखाद्याची नजर क्षणभर वर यायची. शिव्या परवडल्या असत्या.

आमचा क्वार्टरबॅक होता कॅझ ड्रोझ्दा. आमच्या फुटबॉलमध्ये सगळा खेळ त्याच्या डोक्यातून चालतो. पुढची चाल तो सांगतो, चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि मग तो फेकतो किंवा कुणाकडे सोपवतो. तो चेंडू त्याला देणारा मी. सेंटर. रांगेच्या मधोमध ओणवं व्हायचं, जमिनीवरचा लंबगोल चेंडू धरायचा आणि इशारा आला की दोन पायांमधून मागे त्याच्या तळव्यांत द्यायचा. मी तो देईपर्यंत मैदानावर काहीच घडू शकत नाही. बाकी वेळ आम्हाला कुणी ओळखतही नाही.

तीन वर्षं मी कॅझच्या हातात चेंडू देत होतो आणि तीन वर्षं एकाच खोलीत राहत होतो. तो तिथलाच, दोन डोंगर पलीकडच्या कोळशाच्या खाणीच्या गावचा. बाप खाणीत. मोठा भाऊ यानेक एकोणसत्तर साली व्हिएतनाममध्ये गेला तो परत आला नाही. गावच्या शाळेच्या संघात यानेक सेंटर होता आणि कॅझ क्वार्टरबॅक. पहिल्या वर्षी माझी ओळख करून घेताना तो म्हणाला होता, "आमचा यानेक चेंडू जरा वर द्यायचा. तू खाली देतोस. पण चालेल, सवय करून घेईन."

नवव्या सामन्यात, दहा नोव्हेंबरला, तिसऱ्या सत्रात समोरच्या दोघांनी मिळून कॅझला आडवा केला. त्याचं डोकं गोठलेल्या जमिनीवर आपटलं. आवाज मला ऐकू आला. तो उठला, हेल्मेट नीट केलं आणि दुसऱ्या संघाच्या घोळक्याकडे चालायला लागला. मी त्याला खांद्याला धरून वळवलं. मर्ल हसला. "कंटाळला बिचारा आपल्याला." आम्ही सगळेच हसलो. आठ सामने हरल्यावर माणूस कशालाही हसतो.

दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या झाल्या. खोलीतला दिवा सहन होईना. सोमवारी वर्गात त्याला आपल्याच तुकडीच्या सार्जंटचं नाव आठवेना.

मी म्हणालो, "कॅझ, डॉक्टरकडे चल."

"कशाला? घरी बसवायला?"

"डोकं दुखतंय ना तुझं?"

"तुझं दुखत नाही? या संघात ज्याचं डोकं दुखत नाही तो खेळलेलाच नाही." मग तो पलंगावर उठून बसला आणि माझा दंड धरला. "हॉलिस, ऐक. एकच सामना राहिलाय. नौदलवाल्यांशी. ते यंदा आपल्याइतकेच टुकार आहेत, तुलाही माहितीये. हा जिंकता येईल. बाबा येणार आहेत बघायला. यानेक गेल्यापासून एकदाही मैदानावर आले नाहीत ते. आणि माझ्या जागी खेळणार कोण? फिच?"

डॉनी फिच दुसऱ्या वर्षाचा, एकशे पन्नास पौंडांचा मुलगा. त्याला पाठवणं म्हणजे हार मान्य करणं.

मी गप्प बसलो. सगळं त्या गप्प बसण्यातून सुरू झालं.

बुधवारी सगळ्यांची तपासणी होती. अकादमीचे डॉक्टर मेजर पेल यांचे डोक्याच्या माराचे प्रश्न ठरलेले होते. आज वार कोणता, तारीख काय, गेल्या शनिवारी कुणाशी खेळलात, किती गुणांनी हरलात, मग पाच शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. पाच शब्दही वर्षानुवर्षं तेच. मंगळवारी संध्याकाळी मी ते सगळं कॅझकडून घोकून घेतलं. सफरचंद, पूल, घोडा, खिडकी, मीठ. तो चौथ्या शब्दावर अडायचा. खिडकी विसरायचा. शेवटी मी त्याला सांगितलं, "मेजरच्या मागे खिडकीच आहे. अडलास तर तिकडे बघ."

मेजर पेलनी त्याला पास केलं. नंतर माझ्याकडे वळून विचारलं, "ब्रँट, तू त्याच्या खोलीत राहतोस. काही वेगळं वाटलं?"

ऑल्डरिजमध्ये पहिल्या दिवशी हात वर करून शपथ घेतात. खोटं बोलणार नाही आणि दुसऱ्याचं खोटं झाकणार नाही. तिथे या एका गोष्टीला क्षमा नाही.

"नाही, सर," मी म्हणालो.

चोवीस नोव्हेंबरला आकाश शिशासारखं होतं. अख्खी अकादमी एका बाजूच्या बाकांवर उभी होती. आमच्याकडे सामना संपेपर्यंत कॅडेट बसत नाहीत. खेळ सुरू होण्यापूर्वी कॅझने कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका बुटक्या, रुंद माणसाला हात केला. काळा कोट, हातात टोपी. श्री. ड्रोझ्दांनी हात वर केला नाही, टोपी थोडी उचलली.

आणि काय सांगू, आम्ही खेळलो! नऊ आठवडे जे जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमत होतं. पहिल्या सत्रात कॅझने तीस यार्डांचा चेंडू असा टाकला, की आमचा माणूस नुसता हात पुढे करून गोलरेषेपार पळाला. मध्यंतराला आम्ही सात-सात होतो. खोलीत कोच स्ट्रेहॉर्न बोलायला उभे राहिले आणि त्यांना बोलताच येईना. साठीला आलेला माणूस, कोरियाच्या युद्धात सैनिकांची तुकडी चालवलेली. ते एवढंच म्हणाले, "पोरांनो... असंच."

शेवटच्या सत्रात नौदलवाल्यांनी पुन्हा गोल केला, आम्ही चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण मिळवले. चौदा-दहा. मग अडीच मिनिटं उरली असताना चेंडू आमच्याकडे आला. बारा, नऊ, पंधरा यार्ड करत आम्ही मैदान ओलांडलं. उभे असलेले कॅडेट आता ओरडत नव्हते, एका सुरात पाय आपटत होते. जमीन हलत होती. पन्नास सेकंद उरले, आम्ही गोलरेषेपासून सहा यार्डांवर, आणि चार प्रयत्न हातात. खेळ थांबवून घ्यायची आमची सगळी मुभा मात्र वापरून झाली होती.

आम्ही घोळका केला. कॅझ मध्ये वाकला. "निळा एकतीस, डावीकडून," तो म्हणाला.

कुणीच हललं नाही. आमच्याकडे अशी चालच नव्हती.

"काय एकतीस?" मर्ल म्हणाला. "अरे, शुद्धीत ये, बाबा!"

कॅझ माझ्याकडे बघून हसला. इतकं मोकळं तो तीन वर्षांत हसला नव्हता. "यानेक," तो म्हणाला, "चेंडू जरा वर दे हं. नेहमीसारखा."

मी त्याच्या हेल्मेटची जाळी धरून तोंड वर केलं. त्याचा एक डोळा नेहमीसारखा होता. दुसऱ्याची बाहुली पसरून सगळी काळी झाली होती.

"कॅझ, बाहेर जा."

"कुठे?"

"बाहेर! बाकावर!"

"वेड लागलं का तुला?" मर्ल ओरडला. "सहा यार्ड, हॉलिस! सहा!" आणि चाल त्यानेच सांगून टाकली. सगळे रांगेत जाऊन उभे राहिले. मी पंचांना हाक मारली. "साहेब, याला लागलंय."

पंचांनी कॅझला विचारलं, "ठीक आहेस का, कॅडेट?"

"हो सर! उत्तम, सर!" कॅझ ताठ होत म्हणाला. झोपेतून उठवलं तरी कॅडेट हेच म्हणतो.

मी बाजूच्या रेषेकडे वळलो. कोच स्ट्रेहॉर्नना दोन्ही हातांनी खूण केली, स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं, मग कॅझकडे दाखवलं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी मूठ हवेत फिरवली. खेळा.

मी वाकलो. चेंडू धरला. मागून कॅझचे हात माझ्या पायांमध्ये आले. त्याने इशारा दिला. समोरचा नौदलाचा गडी घोड्यासारखा फुरफुरत होता. चेंडू मागे देणं हे काही विचार करून होत नाही, मनगट आपोआप फिरतं. मला ते मनगट दुसऱ्याचं असल्यासारखं आवळून धरावं लागलं. माझ्या हातून चेंडू गेला असता तर पुढच्या दोन सेकंदांत तीन माणसं त्याच्यावर पडली असती.

मी चेंडू दिला नाही.

चेंडू देण्यासाठी असते तेवढी वेळ संपली. शिट्टी वाजली. पाच यार्डांचा दंड. आता अकरा.

"हात गोठले काय रे?" मर्लने विचारलं, अजून समजुतीने.

दुसऱ्यांदा वाकलो. कॅझने इशारा दिला, पुन्हा दिला. मी चेंडू जमिनीत रुतवून धरला होता. शिट्टी. सोळा यार्ड. आमच्या बाजूचे आपटणारे पाय थांबले. दोन हजार माणसं एकदम गप्प झाली.

मर्लने मला मागून लाथ घातली. खरोखर घातली. "दे ना! हरामखोरा, दे ना तो चेंडू!" तो रडत होता. "काय विकत घेतलंय का नौदलवाल्यांनी तुला?"

तिसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा आम्ही एकवीस यार्डांवर होतो आणि बाजूने दुसरा सेंटर धावत येत होता. कोचनी मला काढलं होतं, कॅझला नाही. मी उठलो. मी गेलो असतो तर दुसऱ्याने चेंडू दिला असता. म्हणून मी कॅझचा शर्ट छातीशी मुठीत धरला आणि त्याला ओढत निघालो. त्याने मला बुक्के मारले. जोर नव्हता त्यांत. "सोड, यानेक," तो म्हणत होता, "बाबा बघतायत, सोड." रेषेपासून चार-पाच पावलांवर त्याचे गुडघे गेले. पडला तो तसाच. डोळे उघडे होते.

त्याला स्ट्रेचरवर घातलं जात असताना मागे फिचने दोनदा चेंडू फेकला. दोन्ही वेळा तो जमिनीवर पडला आणि खेळ संपला. चौदा-दहा. दहापैकी दहा.

इस्पितळात कळलं, डोक्याच्या कवटीखाली रक्त साचलं होतं, दोन आठवड्यांचं जुनं आणि त्यावर ताजं. कवटी उघडून ते काढलं. सर्जन म्हणाले की आणखी एक धक्का बसला असता तर त्यांच्यापर्यंत पोचवायची गरजच उरली नसती. हे ऐकल्यावर मर्ल माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

श्री. ड्रोझ्दा बाहेर आले. टोपी अजून हातातच होती.

"तूच ना त्याला ओढून आणलंस?"

"हो."

"तुला कसं कळलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. उलट्या, सार्जंटचं नाव, पाच शब्द, खिडकी. ते ऐकत राहिले. मला वाटलं ते मारतील, आणि मारावं असंही वाटत होतं.

"दोन आठवडे," ते शेवटी म्हणाले. "मी दोन डोंगर पलीकडे होतो. एक फोन केला असतास." आणि ते आत निघून गेले.

सोमवारी सकाळी मी स्वतःहून शपथ-समितीपुढे गेलो. बारा कॅडेट, सगळे माझ्या वर्गाचे. त्यांतला एक जण मला सुटायची वाट दाखवत होता. "ब्रँट, मेजरनी 'काही वेगळं वाटलं का' असं विचारलं. तुला खरंच काही वेगळं वाटलं नसेल. हो ना?" मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"वाटलं होतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

बारा विरुद्ध शून्य, मला अकादमीतून काढून टाकलं. पदवीला सहा महिने राहिले होते.

जायच्या आधी एकदा कॅझला भेटू दिलं. डोकं भादरलेलं, उजवा हात चादरीवर पडलेला. तो हात पुढे कधीच पूर्ण सुधारला नाही. फौजेत तो आता जाणार नव्हता. मला वाटलं होतं त्याला काही आठवत नसेल. त्याला सहा यार्ड आठवत होते.

"सहाच होते," तो सावकाश, शब्द शोधत म्हणाला. "मी आत टाकला असता चेंडू."

"कॅझ, तू मेला असतास."

"मग मेलो असतो! तुला कुणी विचारलं होतं?" त्याच्या डाव्या हाताने चादर मुठीत धरली. "आता काय आहे माझ्याकडे? सांग. यानेककडे निदान पदक तरी आहे. जा, हॉलिस. जा इथून."

त्यानंतर मी त्याला दर वर्षी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याच्या बहिणीकडून कळतं, तो गावच्या टपाल कचेरीत होता, लग्न झालं, दोन मुली आहेत. पुढे मी एक छोटं दुकान टाकलं होतं; मुली आहेत हे कळलं त्या दिवशी ते लवकर बंद केलं.

त्याच डिसेंबरच्या अकरा तारखेला मी गणवेश जमा केला. बस अड्डा आठ मैलांवर होता. फाटकाबाहेर कोच स्ट्रेहॉर्न गाडी घेऊन उभे होते. त्यांनी आदल्याच दिवशी राजीनामा दिला होता. माझी पेटी त्यांनी स्वतः मागे टाकली.

अर्ध्या रस्त्यात त्यांनी गाडी एका बंद पेट्रोल पंपापाशी उभी केली, इंजिन चालू ठेवून.

"ब्रँट, तू मला खूण केलीस ना. डोक्याला बोट लावून."

"हो, सर. तुम्हाला कळलं नसणार. आवाज फार होता."

"मला कळलं होतं," ते म्हणाले. हात स्टिअरिंगवर, नजर काचेतून समोर. "पहिल्याच खुणेला कळलं. त्याआधी मध्यंतरालाही कळलं होतं. मी त्याच्या तोंडासमोर उभा होतो, त्याचे डोळे मला दिसत होते. मला वाटलं, अजून एक सत्र. मग वाटलं, अजून सहा यार्ड."

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. काचेवरचे वायपर तेवढे हलत होते.

"चौकशीत मला विचारलं," ते म्हणाले. "मी सांगितलं, खूण समजली नाही."

मी बावीस वर्षांचा होतो. त्यांच्या छातीवर कधीकाळी कोरियाची दोन पदकं होती आणि घरी आजारी बायको होती. मी म्हणालो, "सर, माझी बस चुकेल."

त्यांनी गाडी सुरू केली. अड्ड्यावर पेटी उतरवून दिली आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, श्री. ड्रोझ्दांनाही नाही. गेल्या मार्चमध्ये कोच वारले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या. त्यांच्या कोऱ्या हंगामाचा उल्लेख होता.